आतेचा कॉल

9 मे 2016. फिलिपिन्समध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीचा दिवस. रात्री साडेआठला मी मनिलातल्या कुबाओच्या कॉल सेंटरमध्ये पोचले तेव्हा लॉकरपाशी नेहमीच्या दुप्पट गर्दी होती. फ्लोअरवर मोबाइल न्यायला बंदी, म्हणून जो तो फोन आत ठेवण्याआधी मतमोजणीचा शेवटचा आकडा बघून घेत होता. बहुतेकांच्या उजव्या तर्जनीवर शाई होती. संध्याकाळी पाचला मतदान संपलं, मतपत्रिका वाचणाऱ्या मशिन्सनी आकडे पाठवायला सुरुवात केली आणि जेवणाच्या वेळेपर्यंत टीव्हीवर लाखांचे आकडे धावू लागले. सुट्टीचा दिवस होता, पण आमचे ग्राहक अमेरिकेतले. मनिलात रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा न्यूयॉर्कमध्ये सोमवारची सकाळ उजाडून कामं सुरू झालेली असतात.

मी पुण्याहून काही महिन्यांसाठी तिथे गेले होते. काम कॉल क्वालिटीचं. एजंट बोलत असताना मागून ऐकायचं, ठरलेल्या फॉर्मवर गुण द्यायचे आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याशी बोलायचं. त्या रात्री माझ्या यादीत आमच्या फ्लोअरवरच्या सगळ्यात थोरल्या बाईचं नाव होतं. सगळे तिला ‘आते’ म्हणायचे. तागालोगमध्ये थोरल्या बहिणीला आते म्हणतात. हा शब्द आपल्या आत्याच्या इतका जवळचा की मीही पहिल्या आठवड्यापासून तिला तेच म्हणू लागले. ती मूळची कापीझ प्रांतातली. त्या प्रांताच्या राजधानीचं नावच रोहास सिटी. स्पेलिंगमधला ‘एक्स’ तिथे ‘ह’ होतो. स्वतंत्र फिलिपिन्सचे पहिले राष्ट्राध्यक्ष मानुएल रोहास याच गावचे, आणि त्या दिवशी राष्ट्राध्यक्षपदाला उभे असलेले मार रोहास हे त्यांचे नातू.

आतेच्या बोलण्यात मारचा उल्लेख घरच्या माणसासारखा यायचा. वडील जेरी रोहास सिनेटर. 1971 साली प्लाझा मिरांडाच्या सभेत बॉम्ब फुटले, त्यात ते जखमी झाले. आई आरानेता घराण्यातली. आजोबा आमादो आरानेता निग्रोस बेटावरचे साखरेतले मोठे उद्योजक. आपल्याकडे साखरसम्राट म्हणतात ना, तसे. त्यांनी कुबाओतली 35 हेक्टर जमीन घेतली आणि 1960 साली तिथे घुमटाचं प्रचंड कोलिझियम उभं केलं. 1975 साली महंमद अली आणि जो फ्रेझरची लढत झाली ती याच कोलिझियममध्ये. म्हणजे आम्ही रोज ज्या मॉलमधून, ज्या मासळीबाजाराच्या कडेने ऑफिसला यायचो, तो सगळा टापू या माणसाच्या आजोळचा.

मार स्वतः व्हार्टनला शिकले आणि न्यूयॉर्कमध्ये गुंतवणूक बँकर झाले. राजकारण धाकट्या भावाकडे होतं. 1993 साली तो भाऊ कर्करोगाने गेला. मार परत आले आणि त्याच्या रिकाम्या जागेवर निवडून गेले. आते म्हणायची, “त्याने ती वाट स्वतःहून धरली नाही गं, ती त्याच्या अंगावर पडली.”

नऊला लाइन सुरू झाली. पहिले दोन तास कॉल एकामागून एक येत राहिले. बातमी पोचायची ती ब्रेकवरून परतणाऱ्यांकडून. कँटीनमध्ये टीव्ही होता. तिथून येणारा माणूस खुर्चीत बसता बसता शेजारच्याला हळूच आकडा सांगायचा आणि तो रांगेच्या टोकापर्यंत जायचा. मारचे प्रतिस्पर्धी, दावाओचे महापौर रोद्रिगो दुतेर्ते पुढे. दुतेर्ते आणखी पुढे. पलीकडच्या रांगेतली पोरं हसू दाबत होती. त्यातला एक पासायहून येणारा मुलगा, जेमतेम तेवीस वर्षांचा, आतेच्या शेजारी बसायचा. त्याने दुतेर्तेंना मत दिलं होतं आणि तिच्यापासून ते लपवलंही नव्हतं.

साडेअकराच्या सुमाराला मी आतेचा कॉल उघडला. पलीकडे अमेरिकेतली एक वयस्क बाई. बिलात दोनदा पैसे लागल्याची तक्रार, आवाज चढलेला. आतेने तिला पूर्ण बोलू दिलं. मग एकेक तारीख वाचून दाखवली, चूक मान्य केली, परतावा नोंदवला आणि तो किती दिवसांत येईल ते सांगितलं. बाई शांत झाली. निवृत्त आहे, नवरा नुकताच गेला, असं सांगू लागली. आतेने तिचं सांत्वन केलं, घाईने नाही, आणि पाल्हाळही न लावता. मी फॉर्मवर खुणा करत होते. एकही गुण कापायला जागा नव्हती.

अभिप्राय लिहिण्याआधी सहज काचेपलीकडे पाहिलं. आतेच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. हनुवटीपर्यंत. ती ते पुसतही नव्हती, कारण एक हात माऊसवर होता आणि दुसऱ्याने ती हेडसेटचा माइक तोंडापासून जरा दूर धरून होती, श्वासाचा आवाज जाऊ नये म्हणून. तिच्या आवाजात यातलं काहीही उतरलेलं नव्हतं. त्याआधी मी शेकडो कॉल ऐकले होते. आवाज ऐकून माणूस ओळखता येतो अशी माझी खात्री होती, आणि त्या खात्रीवरच मी लोकांना गुण देत होते.

तिला ब्रेकवर पाठवलं आणि मागोमाग मीही कँटीनमध्ये गेले. तिने पर्समधून अम्लोडिपिनची, म्हणजे रक्तदाबाच्या गोळ्यांची, पट्टी काढून एक गोळी घेतली. पट्टीवर ‘मेड इन इंडिया’ होतं. “ही तुझ्या देशातली,” ती म्हणाली. मार व्यापारमंत्री होते तेव्हा सरकारी कंपनीमार्फत भारतातून स्वस्त औषधं आणायला सुरुवात झाली. पुढे सिनेटमध्ये त्यांनी स्वस्त औषधांचा कायदा लावून धरला. तो 2008 साली झाला. पुढच्या वर्षी रक्तदाबाच्या नामांकित गोळीची किंमत साधारण 45 पेसोंवरून निम्म्यावर आली. आतेच्या आईची गोळी तीच होती. आणि ही नोकरी? 2000 साली या देशात कॉल सेंटरमध्ये काही हजार लोक होते. व्यापारमंत्री म्हणून ज्यांनी अमेरिकन कंपन्यांना मनिलाकडे वळवायचा ध्यास घेतला, त्यांत मार पुढे होते. 2016 मध्ये या धंद्यात दहा लाखांहून जास्त माणसं होती.

पासायचा मुलगा चहा घेऊन आमच्याच टेबलाशी आला. मला वाटलं आता वाद होणार. त्याने आधी तिच्यापुढे पेपर नॅपकिन सरकवला, मग बोलला. “आते, गोळीचं खरं आहे. नोकरीचंही खरं आहे. पण मी रोज ताफ्त स्टेशनला एमआरटी मेट्रोसाठी जिना उतरून खाली रस्त्यापर्यंत गेलेल्या रांगेत उभा राहतो. तो वाहतूकमंत्री होता तेव्हाही रांग होती, आजही आहे. त्याने बाजारात कांद्याचं पोतं खांद्यावर घेतलेला फोटो पाहिला की मला वाटतं, याला आमच्यासारखं दिसायचंय. दुतेर्ते चिडतो ना, तसा मी त्या रांगेत रोज चिडतो.”

मला दोघांचंही पटत होतं, आणि त्याचाच त्रास होत होता. 2004 साली याच रोहासना लोक ‘मिस्टर पालेंगके’ म्हणायचे. पालेंगके म्हणजे मंडई. मंडईमंडईत फिरून भाव विचारणारा मंत्री. त्या वर्षी सिनेटला 1 कोटी 90 लाखांहून जास्त मतं घेऊन ते देशात पहिले आले होते. बारा वर्षांत तोच मंडईतला माणूस खोटा वाटू लागला. मधल्या काळात त्यांनी एक मोठी गोष्ट केली होती. 2009 साली माजी राष्ट्राध्यक्ष कोरी अकिनो वारल्या, त्यांच्या मुलाच्या, नोयनोयच्या, बाजूने लाट उठली, तेव्हा रोहासनी राष्ट्राध्यक्षपदाची स्वतःची उमेदवारी सोडून त्याला वाट दिली आणि उपाध्यक्षपदाला उभे राहून पडले. तो त्याग फार थोड्यांच्या लक्षात राहिला. 2013 च्या योलांदा वादळानंतर ताक्लोबानच्या महापौरांना त्यांनी सुनावलं की तुम्ही रोमुआल्देझ आहात आणि राष्ट्राध्यक्ष अकिनो आहेत. रोमुआल्देझ म्हणजे इमेल्दा मार्कोसच्या माहेरचे, आणि तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष नोयनोय अकिनो म्हणजे मार्कोस घराण्याच्या जुन्या विरोधकांचे वारस. त्या बोलण्याची चित्रफीत सगळ्यांच्या लक्षात होती. प्रेतं अजून रस्त्यावर असताना कुणी आडनावांची भाषा बोलू नये, असं माझंही मत आहे.

आते बराच वेळ गप्प होती. मग त्या मुलाला म्हणाली, “तो दुतेर्ते म्हणतो, गुन्हेगारांना मारीन. तुझा धाकटा भाऊ रात्री उशिरा घरी येतो ना? त्याला आता लवकर यायला सांग.”

मुलाने मान हलवली. पुढे दोन महिन्यांच्या आतच, जूनअखेरीस, दुतेर्तेंनी सूत्रं घेतली आणि मनिलाच्या गल्ल्यांमध्ये रात्री प्रेतं सापडू लागली. तेव्हा तिचं हे वाक्य मला अनेकदा आठवलं.

पहाटे कँटीनच्या टीव्हीवर दुतेर्ते दावाओच्या दफनभूमीत आईवडिलांच्या थडग्यापाशी रडताना दिसले. आते उभ्या उभ्या ते पाहत राहिली. “रडू दे त्याला,” एवढंच म्हणाली आणि पुन्हा लाइनवर गेली.

शेवटचे आकडे पुढे यथावकाश आले. दुतेर्ते 1 कोटी 66 लाख, रोहास जवळजवळ 1 कोटी, तिसऱ्या उमेदवार सिनेटर ग्रेस पो 91 लाख. तिथे दुसरी फेरी नसते, ज्याला जास्त मतं तो जिंकतो. मतदानाला चार दिवस उरले असताना एकत्र येण्याची हाक रोहासनी पोंना दिली होती. पोंनी ती नाकारली.

सकाळी सहाला शिफ्ट संपली. एड्सा रस्त्यावर ताहोवाला ओरडत चालला होता. आम्ही तिघांनी एकेक पेला गरम ताहो घेतला. सोयाचं मऊ दही, वरून गुळाचा पाक. आतेने दोन घोटांत संपवलं. मुलाने तिची पिशवी आपल्या खांद्यावर घेतली आणि दोघं कुबाओ स्टेशनच्या रांगेत उभी राहिली. रांग जिन्याखालून पार रस्त्यापर्यंत आली होती. मी हात हलवला, तेव्हा तो तिला पुढे उभं करून स्वतः मागे सरकत होता.

दुपारी उठले तेव्हा रोहास टीव्हीवर पराभव मान्य करत होते. आजूबाजूचे कार्यकर्ते रडत होते, रोहास यांचा आवाज मात्र स्थिर होता. मी बराच वेळ आवाजाकडे लक्ष न देता त्यांचे हात पाहत बसले.