एसीएल_फ्री एकदा लिहून भागत नाही
तीन दिवस एका मेमरी लीकच्या (प्रोग्राम घेतलेली मेमरी परत सोडत नाही, त्या चुकीच्या) मागे होतो, काल रात्री सापडला, डोक्यात ताजं आहे तोवर लिहून ठेवतो.

शेअर्ड फोल्डरमधल्या कुठल्या फाइलला कोणाचा ॲक्सेस आहे हे रोज रात्री तपासणारा आमचा एक सी प्रोग्राम आहे, लिनक्सवर, लिबएसीएल वापरून. एसीएल म्हणजे फाइलवर कोणाला काय करता येतं त्याची यादी, आणि लिबएसीएल ही ती हाताळणारी लायब्ररी. फाइल्स लाखाच्या वर, आणि चालू झाला की मेमरी चढतच जायची. कोडमध्ये फाइलची एसीएल आणणारं एसीएल_गेट_फाइल जिथे जिथे होतं तिथे शेवटी मेमरी सोडणारं एसीएल_फ्री व्यवस्थित होतं, मग गळतंय कुठे?

शेवटी छोट्या फोल्डरवर व्हॅलग्राइंड (मेमरीच्या चुका शोधणारं टूल) लावला आणि त्याने थेट एसीएल_गेट_क्वालिफायर दाखवलं. एंट्री, म्हणजे एसीएलमधली एक नोंद, कुठल्या यूजरची किंवा ग्रुपची (म्हणजे तिचा क्वालिफायर) ते हे फंक्शन सांगतं, पण आतल्या डेटाचा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) देत नाही, नवीन मेमरी घेऊन त्यात यूजरच्या किंवा ग्रुपच्या नंबरची (यूआयडी किंवा जीआयडी) कॉपी देतं, आणि मूळ एसीएल सोडली तरी ती कॉपी तशीच पडून राहते. मी समजत होतो एंट्री एसीएलची म्हणजे क्वालिफायरही तिचाच. एकेका फाइलवर सात-आठ यूजर, आणि फाइल्स लाखभर, बघा म्हणजे.

गोंधळ होतो कारण शेजारची फंक्शन्स बरोबर उलटी वागतात. एसीएल_गेट_एंट्री आणि एसीएल_गेट_परमसेट (एंट्रीच्या परवानग्या देणारं) जे देतात ते एसीएलच्या आतलंच असतं, ते वेगळं सोडायचं नाही, आणि एसीएल सोडल्यावर वापरायचंही नाही. एसीएलचा मजकूर करून देणाऱ्या एसीएल_टू_टेक्स्टची स्ट्रिंग मात्र परत आपणच सोडायची, आणि तीही एसीएल_फ्रीनेच! साधी स्ट्रिंग दिसते म्हणून हात आपोआप सीच्या नेहमीच्या फ्रीकडे जातो, पण लिबएसीएल आपल्याला दिलेल्या पॉइंटरच्या आधी स्वतःचा छोटा हेडर ठेवते, मॅलॉकने (मेमरी मागणाऱ्या सीच्या फंक्शनने) घेतलेली जागा त्या हेडरपासून सुरू होते, त्यामुळे साधं फ्री केलं की इनव्हॅलिड पॉइंटर म्हणून प्रोग्राम जागीच पडतो. एसीएल_फ्री तो हेडर वाचून ओळखतं की समोर एसीएल आहे, स्ट्रिंग आहे की क्वालिफायर, म्हणून तिन्हींना ते एकच फंक्शन पुरतं.

ही फंक्शन्स पॉझिक्स (युनिक्ससारख्या सिस्टिम्सचं स्टँडर्ड) १००३.१ई च्या ड्राफ्ट १७ मधली, तो ड्राफ्ट पुढे मागे घेतला गेला पण फंक्शन्स टिकली, मॅन पेजेस (लिनक्समधली माहितीची पानं) चांगली आहेत, प्रत्येकात काय सोडायचं ते स्पष्ट लिहिलंय, शांतपणे वाचा.

आमच्या लूपमध्ये मध्येच दोन कंटिन्यू (खालच्या ओळी गाळून पुढच्या फेरीला नेणारे) होते, म्हणून एसीएल_फ्री शेवटी टाकून उपयोग नव्हता. आता यूआयडी लोकल व्हेरिएबलमध्ये घेतो आणि लगेच पुढच्याच ओळीत क्वालिफायर सोडतो. काल रात्रीच्या रनमध्ये मेमरी सुरुवातीला जेवढी होती तेवढीच शेवटपर्यंत राहिली.