एकच गुडघा, दोन फोन

बाबांच्या गुडघ्यावरून ताईची आणि माझी जुंपली. ती नागपूरला, मी ठाण्यात, रविवारचा व्हिडिओ कॉल. तिचं म्हणणं फिजिओथेरपी, नाहीतर सरळ ऑपरेशन, "नेटवर सगळीकडे हेच लिहिलंय अगं". आणि माझ्या फोनवर बघावं तर निर्गुडीचं तेल, मेथीचे लाडू, गुडघ्याला बांधायचे पट्टे! शेवटी म्हटलं, थांब, दोघी आत्ताच्या आत्ता एकच टाइप करू, "गुडघेदुखी उपाय". स्क्रीनशॉट पाठवले तर पहिल्या पाचात सारखी लिंक फक्त एक.

मला इतके दिवस वाटायचं की जाहिराती तेवढ्या आपल्यामागे फिरतात, सर्च सगळ्यांना सारखाच. तसं नाहीये, आपल्या जुन्या सर्चवरून प्रत्येकाला वेगळे निकाल दाखवतात, गूगलने डिसेंबर 2009 मध्येच लॉगिन न केलेल्यांनाही हे लागू केलं होतं, तेव्हा कुकीवरून (ब्राउझरमध्ये साठणारी बारीकशी नोंद) 180 दिवसांचे सर्च धरायचे म्हणे.

मग लागले मागे. आधी इनकॉग्निटो, म्हणजे ब्राउझरची हिस्ट्री न ठेवणारी खिडकी. थोडा फरक पडला पण पानाच्या अगदी तळाशी बारीक अक्षरात "ठाणे" होतंच, कारण नेट कनेक्शनचा जो नंबर असतो त्या आयपी अ‍ॅड्रेसवरून गाव कळतं, इनकॉग्निटोने ते लपत नाही. मग गूगल आपले जुने सर्च जिथे दाखवतं ते माय अ‍ॅक्टिव्हिटी उघडलं आणि बापरे, स्वतःचीच लाज वाटली, रात्री दोन वाजता "मांजर खोकते का" आणि खाली महिनाभर नुसतं "गुडघा तेल", "गुडघा तेल घरी कसं करायचं", "गुडघा बिना ऑपरेशन". वेब अँड अ‍ॅप अ‍ॅक्टिव्हिटी (हे सगळं साठवायचं सेटिंग) पूर्ण बंद करायचा धीर नाही झाला (मॅप्सवर जुने पत्ते लागतात हो), ऑटो-डिलीट 3 महिन्यांवर टाकलं, 18 आणि 36 चा पण ऑप्शन असतो. जुनं सगळं हाताने उडवलं, त्यात अख्खी संध्याकाळ गेली आणि कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या कळलंच नाही.

दोघींनी इनकॉग्निटोत परत तेच टाकलं. आता पाचातल्या चार लिंका सेम, पाचवीत तिला नागपूरचं हॉस्पिटल, मला ठाण्याचं. मी जिंकल्यासारखं सांगायला गेले, तर ताईने तिचे आधीचे सर्च दाखवले, "गुडघा रिप्लेसमेंट खर्च किती". म्हणजे मशीनने जे केलं ते केलंच, पण आजीच्या ऑपरेशनपासून मला धास्ती, म्हणून मी विचारतच होते तेल, ती विचारत होती खर्च.

मग बाबांचा फोन मागितला. ते टाइप करत नाहीत, माइकमध्ये बोलतात. हिस्ट्रीत सगळ्यात वर होतं, "गुडघा दुखत असताना आळंदी ते पंढरपूर चालत जाता येतं का".

वारीचं आम्हाला दोघींनाही ते बोलले नव्हते.