गेम खेळणारी पोरं आणि बातमीतली पोरं

आज दुपारी जुळे सोलापुरात ताईकडे जेवायला गेले होते. टीव्हीवर बातमी लागली: अंधारी खोली, मोबाईलच्या उजेडात एक चेहरा, भीतीदायक संगीत, खाली पट्टी ‘गेमच्या विळख्यात तरुणाई’. शेजारी बसलेल्या भाच्याने मान खाली घातली. मला ते फार लागलं.

हा पोरगा कोल्हापूर-नांदेडच्या मित्रांबरोबर संघ करून खेळतो. हरलेला सामना पुन्हा बघून चुका वहीत लिहितो. हेच त्याने पार्क स्टेडियमवर क्रिकेटसाठी केलं असतं तर सगळ्या नातेवाइकांनी कौतुक केलं असतं.

व्यसन खोटं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहेच. पण त्याला निकष आहेत: खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळं मागे पडणं, नुकसान दिसूनही न थांबणं, आणि हे साधारण १२ महिने चालणं. बातमीत यातलं अक्षरही नव्हतं. पैसे लावून कर्जात बुडालेला माणूस आणि स्पर्धेची तयारी करणारा मुलगा, दोघे एकाच पट्टीखाली! केंद्राच्या २०२५च्या कायद्यानेसुद्धा पैशांचे खेळ आणि ई-स्पोर्ट्स (म्हणजे व्हिडिओ गेमच्या रीतसर स्पर्धा) वेगळे मानलेत. २०२३च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत तर ई-स्पोर्ट्सला अधिकृत पदकं होती. (हे ताईला आज पहिल्यांदा कळलं.)

सोलापूरच्या पत्रकार मित्रांनो, मनापासून विनंती. पुढच्या वेळी डॉक्टर आणि पालकांबरोबर त्या खेळणाऱ्या मुलालाही बोलतं करा. तो काय खेळतो, कुणाबरोबर खेळतो, एवढं तरी विचारा.