बाबांच्या लॅपटॉपवर विंडोज परत टाकलं, सीडी नसताना

दिवाळीला गावी गेलो तर बाबांचा लॅपटॉप चालूच होईना. ऑटोमॅटिक रिपेअर असं यायचं, गोल फिरत राहायचं, बंद पडायचं, परत तेच. २०२१ ला घेतलेला, इंटेल ११ व्या जनरेशनचा, सीडी वगैरे सोबत आलीच नव्हती, हल्ली कुणालाच देत नाहीत, सगळं रिकव्हरी पार्टिशनमध्ये असतं, म्हणजे विंडोज परत टाकायला डिस्कवरच राखून ठेवलेल्या भागात. पण मधे एकदा तालुक्याच्या दुकानात दुरुस्तीला दिलेला तेव्हा त्यांनी फॉरमॅट मारताना ते पार्टिशनच उडवलेलं. त्यांनाच फोन केला तर म्हणाले परत फॉरमॅट मारावा लागेल, डेटा जाईल, आणि विंडोजचे पैसे वेगळे.

बाबा शिक्षक होते. रिटायर झाल्यापासून गावातल्या म्हाताऱ्या बायकांकडे बसून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतात आणि घरी येऊन टाइप करतात. चार वर्षांचं काम, सगळं सी ड्राइव्हवर, दुसरी कॉपी नाही. ज्यांच्याकडून ओव्या घेतल्या त्यातल्या दोघी आता नाहीत. म्हणून ठरवलं की आधी फाइल्स बाहेर काढायच्या आणि मगच विंडोजला हात लावायचा.

ताईकडे फायबर आहे म्हणून तिच्या लॅपटॉपवर उबुंटू (विंडोजसारखीच दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम, फुकट मिळते आणि पेनड्राइव्हवरूनही चालते) डाउनलोड केलं, रूफस नावाच्या टूलनं १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवलं आणि बाबांचं मशीन त्यावरून बूट केलं, म्हणजे चालू केलं. (बूट मेनूची की प्रत्येक कंपनीची वेगळी, डेलला एफ१२, एचपीला एफ९.) यात ट्राय उबुंटू घ्यायचं, इन्स्टॉल नाही, म्हणजे आतल्या डिस्कला काही होत नाही. सी ड्राइव्ह रीड-ओन्ली उघडला, विंडोज नीट बंद झालेलं नसलं की असं होतं, पण कॉपी करायला तेवढं पुरतं. तुमच्याकडे बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं फीचर) चालू असेल तर मात्र ४८ आकडी रिकव्हरी की लागेल, ती बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटमध्ये सेव्ह असते, ती आधी शोधून ठेवा. आमच्याकडे नव्हतं.

आता फॉन्टचं सांगतो, कारण हे कुणी सांगत नाही. बाबा युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठीच दिसेल अशा पद्धतीनं, टाइप करत नाहीत, त्यांच्या सगळ्या फाइल्स शिवाजी फॉन्टमधल्या. तो फॉन्ट मशीनवर नसेल तर ओवीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा नुसता खिचडा दिसतो, म्हणजे फाइल वाचली तरी हाती काही लागत नाही. विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये बघितलं, तिथे नव्हता! पोटात गोळा आला. मग आठवलं की विंडोज १० च्या १८०९ व्हर्जनपासून साधा इन्स्टॉल केलेला फॉन्ट त्या युजरच्याच खात्यात जातो, अ‍ॅपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्स, इतकं आत. तिथे सापडला. डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप आणि दोन्ही फॉन्ट फोल्डर एक्स्टर्नल हार्डडिस्कवर घेतले आणि ताईच्या लॅपटॉपवर दोन-चार फाइल्स उघडून खात्री केली.

हे करताना सी ड्राइव्हवर एक अ‍ॅक्टिव्हेटरचं फोल्डर दिसलं. म्हणजे दुकानानं क्रॅक केलेलं विंडोज प्रो टाकलं होतं आणि त्याचे पैसेही घेतले होते. याचा मला फार राग आला, कारण विंडोज ८ पासून कंपनीच विंडोज टाकून देते त्या लॅपटॉपमध्ये विंडोजच्या लायसन्सची २५ अक्षरी की मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच (चिपमध्ये कायम असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये) लिहिलेली असते, डिस्क कितीदाही पुसा, ती जात नाही. उबुंटूच्या टर्मिनलमधून फर्मवेअरमधलं एमएसडीएम नावाचं टेबल वाचलं, ही की त्यातच असते, तर बाबांची की समोर आली. लॅपटॉप घेताना तिचे पैसे आपण भरलेले असतात, ते पुन्हा कुणाला द्यायचे नाहीत.

मग त्याच पेनड्राइव्हवर ताईकडूनच मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलनं विंडोज ११ घेतलं (किमान ८ जीबी लागतो, आणि पेनड्राइव्ह पूर्ण पुसला जातो हे लक्षात ठेवा). इन्स्टॉल सुरू केलं आणि जिथे डिस्क निवडायची तिथे यादी रिकामी. एकही ड्राइव्ह नाही! डिस्क गेली असं वाटेल, पण नुकत्याच त्याच डिस्कवरून फाइल्स काढल्या होत्या म्हणून मी घाबरलो नाही. ११ व्या जनरेशनपासून बऱ्याच इंटेल लॅपटॉपमध्ये व्हीएमडी (डिस्क सांभाळणारं इंटेलचं फीचर) चालू असतं आणि त्याचा ड्रायव्हर इन्स्टॉलरकडे नसतो. लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर घेतला, एक्सट्रॅक्ट करून पेनड्राइव्हवर टाकला, लोड ड्रायव्हर दाबून तो फोल्डर दाखवला, की डिस्क आली. डिस्क ० वरची सगळी पार्टिशन्स डिलीट केली आणि मोकळी जागा निवडून नेक्स्ट. पेनड्राइव्हसुद्धा त्याच यादीत दिसू शकतो, त्यामुळे साइज बघूनच डिलीट करा.

एडिशन त्यानं विचारलीच नाही, फर्मवेअरमधली की वाचून सरळ होम सिंगल लँग्वेज टाकलं. शेवटी इंटरनेट मागत होता आणि वायफायचा ड्रायव्हर नव्हता, तर अँड्रॉइड फोन केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग (फोनचं नेट केबलनं लॅपटॉपला देणं) चालू केलं, लगेच नेट मिळालं, बाकीचे ड्रायव्हर अपडेटमधून आपोआप आले. सेटिंग्जमध्ये बघितलं तर अ‍ॅक्टिव्ह, डिजिटल लायसन्ससकट.

रात्री साडेअकराला फॉन्ट टाकला, राइट क्लिक करून इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स, आणि बाबांना हाक मारली. त्यांनी स्वतः ओव्यांची पहिली फाइल उघडली, चष्मा लावून दोन पानं वाचली, आणि म्हणाले, अरे, ही तिसरी ओवी मी परवा दुरुस्त करणार होतो, बस जरा.