लावऱ्यांची वेळ

आज पश्चिम टेक्सासात मित्राच्या रानात बॉबव्हाइट लावऱ्यांच्या शिकारीला गेलो होतो. कायद्याने सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून बार टाकता येतो, म्हणून मी पहाटेच तयार. मित्राचे वडील मात्र निवांत कॉफी पीत बसलेले. म्हणाले, "आत्ता फक्त ऐक."

ऐकलं. उजाडायच्या आधी एका झुडपातून शीळ आली, मग लांबून दुसरी. प्रत्येक थवा आपली जागा सांगतो. रात्री हे पक्षी जमिनीवरच गोल करून, शेपट्या आत नि तोंडं बाहेर ठेवून झोपतात. दव असेपर्यंत फारसे हलत नाहीत, आणि चाललेच नाहीत तर कुत्र्याला वास कुठून लागणार? नऊच्या सुमारास गवत सुकलं, थवे दाणे टिपायला निघाले, आणि पॉइंटर कुत्री (पक्ष्याचा वास लागला की थांबून दिशा दाखवणारी जात) एक पाय उचलून जागीच थिजली. पंखांच्या त्या भर्रर्र आवाजाने काळीज अजून धडधडतंय. लहानपणी गावच्या माळावर असाच आवाज ऐकायचो. तिथल्या लावऱ्यांना आता कायद्याचं संरक्षण आहे, आणि ते हवंच.

दुपारी थवे सावलीत बसले, आम्हीही. चारनंतर पुन्हा तासभर. दिवसाची मर्यादा 15 पक्ष्यांची, आमच्याकडे 4 होते. तरी ऊन कलताच काकांनी बंदूक उघडून काडतुसं काढली. फुटलेल्या थव्याला अंधारापूर्वी एकत्र यायला वेळ हवा. एवढ्या थंडीत एकटी लावरी रात्र कशी काढणार?

परतताना मागे त्यांच्या एकमेकींना हाका चालल्या होत्या.