दोन फासे, दहा मशाली आणि एक भुयार

गेले तीन महिने मी जवळपास रोज रात्री एका भुयारात मरतोय. लुडोच्या जुन्या डब्यातले दोन फासे, पेन्सिल आणि कुठलाही पाठकोरा कागद, एवढंच सामान. एकट्याने खेळायचा, पाच मिनिटांत संपणारा आणि रूल्स एका पोस्टकार्डावर मावतील असा डन्जनचा, म्हणजे राक्षसांच्या भुयारातून जिवंत बाहेर पडायचा गेम बनवायचा होता, बनता बनता बनलाय, तर त्याची ही गोष्ट.

पहिलं व्हर्जन एकदम बाळबोध होतं. एक फासा, १२ खोल्या. प्रत्येक खोलीत दान टाकायचं आणि १ पडला की खड्डा, खेळ खलास. सहात एकदा मरण, त्यात काय मोठंसं असं वाटलं होतं. पण पाच षष्ठांश स्वतःलाच १२ वेळा गुणून बघा, साधारण ११ टक्के उरतात, म्हणजे नऊ-दहा डावांत जेमतेम एकदा बाहेर पडायचं. बरं, मरण्याचंही काही नव्हतं हो, पण खरा घोळ वेगळाच होता. ती सापशिडी होती. फासा खेळत होता आणि मी नुसता बघत बसलो होतो.

मग जे सगळे करतात तेच केलं, भर घालत सुटलो. ढाल, औषधाची बाटली, किल्ल्या, दुकानदार (भुयारात दुकानदार काय करतो हे विचारू नका). रूल्स तीन पानांवर गेले. खेळायला बसलो की आधी स्वतःचेच रूल्स वाचायला लागायचे. १९८० साली ‘रोग’ नावाचा कम्प्युटर गेम आला होता (आपल्याकडे नुसत्या नावामुळे तो कुणी घरात घेतला नसता), त्यात हिरो म्हणजे ॲट-द-रेटचं चिन्ह आणि राक्षस म्हणजे ए ते झेड अक्षरं, बास. तेवढ्यावर लोक रात्र रात्र जागले. मी निदान दुकानदार तरी काढायला हवा होता.

सुटका झाली ती दौलताबादमुळे. शाळेच्या सहलीत देवगिरीचा किल्ला बघितला होता, तिथे ‘अंधारी’ आहे, कातळातून वर चढत जाणारी, वळणं घेणारी काळीकुट्ट वाट, वटवाघळांच्या वासासकट. गाईड मशाल घेऊन पुढे आणि आम्ही पोरं एकमेकांचे शर्ट धरून मागे. शत्रू इथे शिरला की अंधारात आपल्याच माणसांवर वार करायचा असं तो रंगवून सांगत होता. माझ्या डोक्यात मात्र एकच, मशाल विझायच्या आत पळत सुटावं का पायरी चाचपत जावं? डन्जन डन्जन करत बसलो होतो आणि माझं डन्जन तर मी सातवीतच बघून आलो होतो.

म्हणून आता असं. मशाली दहा, दर दानाला एक जळते. दोन्ही फासे टाकायचे, एक ‘वाट’ला द्यायचा, एक ‘हात’ला. वाटेचा फासा म्हणजे किती पावलं पुढे जाणार, पण समोर येणाऱ्या राक्षसाची ताकदही तेवढीच. हाताचा फासा म्हणजे तुमचा वार. वार कमी पडला की जितका फरक तितके जीव गेले. जीव दहा, आणि मशाली संपायच्या आत चालायची पावलं ३०. समजा ५ आणि २ पडले. २ वाटेला दिला तर ओरखडाही नाही पण मुंगीच्या चालीने, ५ दिला तर पाच पावलं आणि तीन जीव गुल. मी खूष! अखेर गेममध्ये मला काहीतरी काम मिळालं होतं.

बाबांना दाखवला. ते बँकेत कॅशियर होते, रिटायर होऊन सहा वर्षं झाली तरी नजर तीच. चार डाव खेळले, चारही जिंकले आणि म्हणाले, “अरे, हे तर सुट्टे करून देणं झालं. एक जीव द्यायचा, एक पाऊल घ्यायचं. जपून चाललं तरी दहा मशालींत पंचवीसेक पावलं होतातच, वरची पाच त्या दहातून भरायची. यात खेळ कुठाय?”

मी रात्री हिशोब करून बघितला. दोन फाशांतल्या छोट्याची सरासरी अडीचच्या किंचित वर, मोठ्याची साडेचारच्या जरा आत. पंचवीसच. राग आला, पण बरोबर होतं त्यांचं.

उपाय एका ओळीचा निघाला: फरक कितीही असो, जखम एकच. तीन जखमा चालतात, चौथीला मेलात. आणि पावलं ३६, म्हणजे सहा बाय सहा चौकटी आखायच्या आणि खोडत जायचं. आता ६-१ पडला तर एका जखमेत पाच पावलं जास्त, ४-३ पडला तर त्याच जखमेत फक्त एक. मग ५-२ आल्यावर जखम घेऊन टाकायची का आणखी मोठ्या फरकाची वाट बघायची? चार किंवा जास्त फरक ३६ पैकी सहाच दानांत असतो, म्हणजे दहा मशालींत एक-दोनदा, आणि कधी कधी तर येतच नाही हो, शेवटच्या मशालीला तीनही जखमा शिल्लक आणि बाहेरचा उजेड आठ चौकटी लांब. हे मरण मात्र झोंबतं, कारण ते माझ्या हावरटपणाचं असतं.

ढाल गेली, बाटली गेली, किल्ल्याही गेल्या. खजिना काढताना जीवावर आलं, पण बाहेर पडणं हेच पुरे आहे असं खेळून खेळून वाटायला लागलं. मी तीन डावांत एखादा जिंकतो. बाबा कॅलेंडरच्या मागे दुधाच्या हिशोबाशेजारी स्वतःचा स्कोअर ठेवतात आणि तो मला दाखवत नाहीत.

एक रूल अजून राहिलाय. फासा सोफ्याखाली गेला तर ते दान धरायचं का नाही? माझं म्हणणं धरायचं. बाबा वाकून बघतात आणि मग ठरवतात.