बारा चेनगार्ड आणि पाच डबे

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझं फॅब्रिकेशनचं छोटं शेड आहे. कामं बहुतेक टॉवेल कारखान्यांची. मागाचं तुटलेलं ब्रॅकेट, बीम वाहायची गाडी, असलंच काहीबाही. गेल्या मे महिन्यात एका कारखानदार अण्णांनी बारा चेनगार्ड सांगितले. परदेशी गिऱ्हाइकाचा माणूस कारखाना बघायला येणार होता आणि फिरती चेन उघडी दिसली की तो कागदावर लाल शेरा मारतो म्हणे. "सगळे पिवळे पाहिजेत बघा. गुरुवारी सकाळी मागावर बसलेले पाहिजेत," अण्णांनी बजावलं. मंगळवारी रात्रीपर्यंत पत्रा वाकवून, वेल्डिंग करून, रेडऑक्साईडचा लाल अस्तर मारून ठेवला. बुधवारी सकाळी रंगाच्या गनला हवा देणारा कॉम्प्रेसर चालू केला तर मोटरचा वास आला. जळाली. वाइंडिंगवाला म्हणाला, शुक्रवार.

ब्रशनं मारायचं म्हटलं तर त्या उन्हात इनॅमल ओढेपर्यंत चिकट होतो, ओरखडे तसेच राहतात. मग पोऱ्याला पाठवून पिवळ्या स्प्रेचे पाच डबे आणवले. चौदाशे रुपये गेले. तेवढ्यात तीन-साडेतीन लिटर साधा रंग आला असता, पण वेळ विकत घेतोय असं समजून गप्प बसलो.

पहिला डबा हलवला तर आतली गोळी वाजेना. रंग तळाला इतका घट्ट बसला होता की गोळी त्यातच रुतली होती. दहा मिनिटं हलवला, कोमट पाण्यात ठेवला, तेव्हा कुठं टकटक सुरू झाली. दुसरा सुरुवातीला झकास चालला आणि तिसऱ्या गार्डवर थुंकायला लागला, पत्र्यावर हळदीचे शिंतोडे उडावेत तसा. तिसऱ्याचं नोझल बंद पडलं. पोऱ्यानं माझ्या नकळत त्यात टाचणी घातली. त्या भोकाचा घेर एकदा बिघडला की फवाऱ्याची पिचकारी होते, आणि झालीच.

चौथ्यात मात्र दोष आमचाच निघाला. गार्डच्या आतल्या घडीत रंग पोचवायला पोऱ्यानं डबा उलटा धरला होता. डब्यात झाकणापासून तळापर्यंत एक बारीक नळी असते. उलटा केला की नळीचं तोंड गॅसमध्ये येतं आणि रंगाऐवजी नुसता गॅस सुटतो. रंग येईना म्हणून गड्यानं आणखी जोरात दाबून धरलं. बोटाला गार लागायला लागलं तेव्हा मला हाक मारली. तोवर गॅस संपलेला आणि अर्धाअधिक रंग आत डुचमळत होता. बाहेर काढायचा मार्गच नाही. भोक पाडायचं नाव शेडमध्ये कुणी काढायचं नाही, आत घरगुती सिलिंडरच्याच जातीचा गॅस असतो.

पाचवा कुठंय म्हणून बघितलं तर पोऱ्यानं तो खिडकीत उन्हात ठेवलेला. डब्यावर स्पष्ट छापलेलं असतं, पन्नास अंशांच्या वर नेऊ नका. पत्र्याच्या शेडमध्ये मेच्या दुपारी उन्हातलं लोखंड हातात धरवत नाही. डब्याचा तळ, जो आत वळलेला असतो, तो फुगून बाहेर आला होता. ओल्या पोत्यात गुंडाळून लांब कंपाऊंडच्या सावलीत ठेवला आणि पोऱ्याला म्हटलं, "काय बे, मला वर पाठवतोस काय?"

१९४९ साली अमेरिकेत एडवर्ड सीमोर नावाच्या रंगवाल्यानं आपला ॲल्युमिनियम रंग लोकांना दाखवायला रंगाचा पहिला स्प्रे डबा केला. डबा झाला नमुना दाखवायला. त्याच्यावर बारा गार्ड काढायला निघालेला मीच येडा.

दुपारी चारला हिशोब असा होता: तीन गार्ड ठिपक्यांचे, दोन अर्धे, सात लाल. त्यातही पिवळ्याखालून रेडऑक्साईड दिसत होता. पिवळा मुळातच झाकत नाही, त्याच्याखाली पांढरा लागतो. हे मला वीस वर्षं माहीत आहे, घाईत विसरलो. अण्णांचा फोन आला, "व्हायलंय ना?" मी म्हटलं, "व्हायलंय की."

शेजारच्या शेडला लागून पंक्चरवाल्या चाचांचं दुकान आहे. त्यांच्या कॉम्प्रेसरचा आवाज दिवसभर कानावर असतो, आणि चारपर्यंत माझ्या डोक्यात तो आला नाही! "चाचा, रात्री हवा मिळंल का?" "ले की, टायर थोडीच भरायचाय रातभर." त्यांच्या टाकीच्या खालचा कॉक उघडून आधी तांब्याभर पाणी काढलं, कारण ते पाणी रंगात आलं की फोड येतात. दोन पाईप क्लिपनं जोडून भिंतीवरून घेतले. माझी नेहमीची वरच्या कपाची गन लावली.

ऊन उतरेपर्यंत थांबलो. तापल्या हवेत रंगाचा थेंब पत्र्यावर पोचायच्या आत वाळतो आणि हाताला सॅंडपेपरसारखं लागतं. तोवर ठिपक्यांचे गार्ड घासून साफ केले. आठला पांढरा मारला, साडेनऊला पिवळ्याचा पहिला हात, अकराला दुसरा. लवकर वाळणारा इनॅमल, थिनर घालून काडीवरून सलग धार पडेल इतपत पातळ. बाराही गार्डना मिळून लिटरभराच्या आसपास पिवळा लागला. चाचा खुर्ची टाकून बघत बसले होते, मधेच उठून कॉक बंद करायचे, टाकी भरू द्यायचे. पैसे घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांच्या जॅकची तुटलेली दांडी मी वेल्ड करून दिली.

गुरुवारी दहाला गार्ड मागावर बसले. अण्णा एकावर बोट फिरवून म्हणाले, "स्प्रे मारला काय?"

ते पाच डबे अजून माळ्यावर आहेत. परवा भंगारवाल्याला द्यायला गेलो तर त्यानं हात मागं घेतला. मागं एकदा असलाच डबा हातोड्यानं चपटा करताना फुटला होता त्याचा. "ते तुमच्याकडंच राहू द्या, मालक," म्हणाला आणि बाकीचा पत्रा घेऊन गेला.